मदत हवी आहे : मेंदूच्या ऑपरेशननंतर डावी बाजू हलत नाही. दोन्ही हातांचं काम परत जमलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून लिहितोय. माझा थोरला भाऊ, वय 43, उद्यमबागेत एका वर्कशॉपात लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या मशीनवर, टर्नर आहे. 19 दिवसांपूर्वी त्याच्या मेंदूतली गाठ काढली. तेव्हापासून डावा हात आणि डावा पाय म्हणावं तेव्हा हलत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. घरात कुणाचा विश्वास बसत नाही, रात्री माझाही डळमळतो.

सुरुवात पावसाळ्यात झाली. झोपेत दादाचा डावा हात एकदम वर जायचा, मान त्या हाताकडे वळायची आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. पंधरा-वीस सेकंद, मग सगळं पहिल्यासारखं. शुद्ध जात नव्हती, झालेलं सगळं त्याला आठवायचं, त्यामुळे ही फिट असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वैनीला वाटलं स्वप्न पडतंय. आईने नारळ ओवाळून टाकला. दोन महिने असेच गेले, त्याची चुटपुट मला अजून आहे. मग एमआरआय केला. मेंदूच्या उजव्या भागात, पुढच्या बाजूला, मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या फटीला लागून गाठ दिसली. बायोप्सीत कमी ग्रेडची, म्हणजे हळू वाढणारी, ग्लायोमा (मेंदूच्याच पेशींची गाठ) निघाली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जननी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. मला समजलं ते लिहितो, चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करा. हालचालीचा हुकूम मुख्यतः मोटर कॉर्टेक्स नावाच्या पट्टीतून सुटतो. तिथे पायाची जागा आत मधल्या फटीत, हाताची बाहेरच्या अंगाला, चेहऱ्याची त्याखाली. तिथून तंतूंची जुडी खाली उतरते, खोल मेंदूत इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद जागेतून जाते, आणि मेंदूच्या देठाच्या तळाशी दहापैकी साधारण नऊ तंतू पलीकडच्या बाजूला जातात. उजव्या मेंदूत काही झालं की डावं अंग जातं ते यामुळे. त्या अरुंद जागेत लहानशी गुठळी अडकली तरी तोंड, हात, पाय एकदम जाऊ शकतात. आपण ज्याला लकवा म्हणतो तो बऱ्याचदा हाच.

दादाची गाठ त्या पट्टीत नव्हती, तिच्या लगेच पुढे होती. त्या जागेला सप्लिमेंटरी मोटर एरिया म्हणतात. हालचाल सुरू करणं, तिचा क्रम लावणं, दोन हातांचा मेळ घालणं ही तिची कामं. ऑपरेशनभर मेंदूच्या त्या पट्टीला बारीक करंट देऊन डाव्या हातापायाच्या स्नायूंत सिग्नल पोचतो का ते तपासत होते. शेवटपर्यंत पोचत होता. सर्जन म्हणाले, "वायर शाबूत आहे, स्टार्टर उचलत नाहीये." दादाने आयुष्यभर मोटारी बघितल्यात, त्याला हे लगेच पटलं. पटलं नाही ते आम्हालाच.

पहिले चार दिवस तो बोलतही नव्हता. विचारलं तर नुसतं हं. सहाव्या रात्री मी खाटेशेजारी बसलो होतो. पंख्याचा वारा लागला तसा त्याने झोपेतच डाव्या हाताने चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मी हलवून उठवला, म्हटलं आता उचल बघू. बोटसुद्धा हललं नाही. सकाळी डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, या प्रकारात असंच होतं, आपोआपची हालचाल असते, ठरवून करायची सुरू होत नाही. हातही लुळा पडलेला नाही, स्नायूत ताण आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत परत येतं, कारण दुसऱ्या बाजूचा तोच भाग हळूहळू काम उचलतो.

आता खरी अडचण. डॉक्टरांनीच प्रामाणिकपणे सांगितलं की ताकद येईल, चालेल, पण दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळं करायचं काम काही जणांना पुढेही जड जातं. लेथवर गोलाई हाताने काढायची तर एका हाताने कॅरेजचं चाक (हत्यार लांबीच्या दिशेने सरकवणारं) आणि दुसऱ्याने क्रॉस स्लाइडचं (हत्यार आत-बाहेर सरकवणारं), दोन्ही वेगळ्या गतीने, एकदम फिरवावी लागतात. दादाचं नाव आहे ते याच कामासाठी. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आल्यावरही एखाददुसरा जुना पार्ट आला की मालक त्यालाच हाक मारतो.

म्हणून विचारतो : या जागेच्या ऑपरेशननंतर शिवणकाम, सुतारकाम, तबला, पेटी, गाडी चालवणं, असं दोन हातांचं काम कुणाचं परत जमलं का? किती दिवसांनी? त्यासाठी वेगळे व्यायाम घेतले का? इथले फिजिओ चांगले आहेत, "कै एत्तरी" म्हणत रोज हात उचलायला लावतात, पण सगळा भर ताकदीवर आहे. मेळ साधायचा व्यायाम शिकवणारं बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेत कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.

दुसरं, पाहुणे लकव्याच्या झाडपाल्यासाठी मागे लागलेत. तेल चोळू दे, हरकत नाही. पण पोटात काही द्यायला आणि फिटच्या गोळ्या बंद करायला मी ठाम नकार दिलाय. आईला हे कसं पटवावं, कुणाला अनुभव असेल तर लिहा.

काल दादाने वर्कशॉपातून एक बोल्ट आणि नट मागवून घेतला. उजव्या हातात बोल्ट, डाव्यात नट. डावा अंगठा पहिल्यांदाच ठरवून हलला, नट धरलाही. पण उजवा हात फिरवायला लागला की डावा सुटतो, नट अंथरुणावर पडतो. वैनी उचलून परत त्याच्या बोटांत ठेवते. दुपारपासून हेच चाललंय.

मी रोज रात्री दहानंतर इथे बघतो. लिहा.