गल्ला आधी बसवा, मग दुकान

प्रश्न असा आलाय की बाजाराच्या गावात अंध माणूस किराणा एकट्यानं कसा चालवेल. चालवतो भाऊ, नक्की चालवतो. आधी गल्ला बसवावा लागतो.

100, 200 आणि 500 च्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, 66 मिमी. लांबी 142, 146, 150. चार मिमीचा फरक नुसत्या बोटांना कळत नाही, म्हणून जाड पुठ्ठ्याची 142 मिमीची पट्टी गल्ल्यातच ठेवा. नोट एका टोकाला जुळवली की दुसरीकडे किती बाहेर येते ते अंगठ्याला लागतं. कडेला उठावाच्या रेषा असतात (शंभरवर 4, पाचशेवर 5), पण घामानं मऊ झालेल्या नोटेवर त्या राहत नाहीत. जुनी शंभराची नोट 157 मिमी, म्हणजे पाचशेपेक्षाही लांब! तिची रुंदी 73, म्हणून आधी रुंदी बघायची. नोट कितीची ते बोलून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप नेटशिवाय चालतं, मात्र खोटी नोट ओळखत नाही.

पैसे जमा झाले की बोलून सांगणारा यूपीआयचा डबा रेंज गेली की उशिरा बोलतो. तो बोलेपर्यंत पिशवी हातातच ठेवायची, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी.

तुरीची डाळ रात्रीच पाव-अर्ध्या किलोत बांधून ठेवा. पावाला एक रबर, अर्ध्याला दोन.

आणि ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्याचा हिशोब दुकानदारानंच ग्रामसभेत उभं राहून मागावा, आधी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि प्रश्न इतिवृत्तात लिहिला का ते तिथंच कुणाकडून तरी वाचून घ्यावं.