टी-रेक्स म्हणे गिधाड! घ्या उत्तर

हाडवैर: परवा ‘मढेवाला’ यांनी ठोकून दिलं की टी-रेक्स हा मांसाहारी डायनासोर राजा-बिजा काही नव्हता, हात आखूड, अंग जड, म्हणजे आयत्या मढ्यांवर जगणारं थोराड गिधाड. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अमेरिकेत साउथ डकोटात सापडलेल्या एडमॉन्टोसॉरस या शाकाहारी डायनासोरच्या शेपटीचं काय करायचं? मणक्यांत टी-रेक्सचा दात रुतलेला, भोवती नवीन हाड वाढलेलं, दोन मणके एकमेकांना चिकटलेले. 2013 मध्येच छापून आलंय. मेलेल्याची जखम भरत नाही हो! ते जनावर चावा खाऊन निसटलं आणि पुढे जगलं. म्हणजे चावणारा जिवंत भक्ष्यावरच धावला होता ना?

मढेवाला: एका दातावर एवढा डोलारा? डायनासोरतज्ज्ञ जॅक हॉर्नर यांची हयात माँटानात हाडं उकरण्यात गेली, ‘मढं खाणारा’ हे त्यांचंच म्हणणं. मेंदूतला वासाचा भाग बघा केवढा मोठा! आणि 2017 च्या गणितानुसार खरं पळायला गेला असता तर पायाची हाडं मोडली असती. चालत चालत शिकार करायचा का?

हाडवैर: लांडग्याला नाक नसतं वाटतं? आणि त्याचं शिंगाळं सावज ट्रायसेराटॉप्स तरी कुठे हरणासारखा उधळत होता! सावजापेक्षा थोडं जास्त चालता आलं तरी भागतं. टी-रेक्सचे डोळे समोर रोखलेले, अंतराचा अंदाज घेणारे. मढं काय पळून जातं, अंदाज घ्यायला?

मोहर्लीवाला: तुम्ही दोघं एकदा ताडोबात या. मेलेला रानगवा, वास असा की जिप्सीतल्या बाईंनी पदर नाकाला लावलेला. वाघीण आली, आमच्याकडे ढुंकूनही न बघता मागच्या मांडीपासून सुरुवात केली. आठवड्याने तीच चितळाच्या मानेला लटकलेली. आता ती गिधाड की वाघ? फुकट मिळालेलं कोण सोडतो!

वरोऱ्याचा नातू: डकोटा, माँटाना... आमचं पिसदुरा कुणाला आठवतं का? वरोऱ्याजवळ शेतात डायनासोरच्या शेणाचे दगड मिळतात. 2005 मध्ये त्याच दगडांत गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं हे जगभरच्या पुस्तकांतलं वाक्य खोडावं लागलं. पलीकडे डोंगरगावला सांगाडा निघाला, तर नाव काय? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या ISI या लघुरूपावरून आयसिसॉरस! माती आमची, पाटी त्यांची. माझ्या पोरीच्या शाळेची सहल मात्र दरवर्षी वॉटर पार्कला.

मढेवाला: अहो, ते शाकाहारी. धागा मांसाहारी आहे.

वरोऱ्याचा नातू: मांसाहारीही होते, फक्त तुमच्या लाडक्या अमेरिकेत नव्हते म्हणून दिसत नाहीत. राजासॉरस गुजरातेत रहिओलीला सापडला, 2003 मध्ये नाव मिळालं. टी-रेक्सच्या पोस्टर्सना भिंती पुरत नाहीत, याचं एक तरी पोस्टर पाहिलंत?

खडकू: पिसदुऱ्याचा एक दगड माझ्या शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांना आधी हातात देतो, मग सांगतो काय आहे ते 😄

वरोऱ्याचा नातू: लाज वाटते का? असेच एकेक उचलून तुम्ही लोकांनी शेतं रिकामी केलीत!

खडकू: नांगराखाली फुटला असता, मी वाचवला. उपकार माना.

मोहर्लीवाला: वाळू उपसणारेही हेच सांगतात.

खडकू: जिप्सी घेऊन वाघाच्या मागे लागणाऱ्यांनी मला शिकवू नये.

हाडवैर: भांडा, पण शेणावरूनच भांडायचं तर टी-रेक्सच्या शेणावरून तरी भांडा! कॅनडात सॅस्कॅचवानला 44 सेंमी लांबीचं सापडलंय, 1998 मध्ये जाहीर झालं. आत हाडांचा चुरा. हाडासकट फोडून खाणारा जबडा होता तो.

मढेवाला: हाडं तर तरसही फोडतं! आणि चुऱ्यावरून कळतं का, सावज मारलं होतं की मेलेलं मिळालं? बरं, मोहर्लीवाल्यांच्या वाघिणीसाठी मान्य: मिळालं तर मढं, नाही तर शिकार. पेढे वाटा. हाडवैरसाहेबांच्या मणक्यांसाठी नव्हे, हे लिहून ठेवा. आणि ते चिमुकले हात कशासाठी, यावर अजून एकही माणूस बोललेला नाही.

हाडवैर: त्याला वेगळा धागा काढा. तिथेही येतोच.

वरोऱ्याचा नातू: हात गेले खड्ड्यात. दिवाळीनंतर पिसदुऱ्याला कोण कोण येतंय? वरोऱ्यापर्यंत पोचा, पुढची गाडी माझी. खडकूंनी येताना तो दगड आणावा, परतीच्या वेळी खिसे मी स्वतः तपासणार.

खडकू: येतो. दगड आणत नाही.