रसिक, भक्त, चाहता की फॅन?

प्रश्न (फोंडा)
आमच्या उच्च माध्यमिकच्या वार्षिकांकाचा मराठी विभाग माझ्याकडे आहे. यंदा मुलांना विषय दिला, 'माझं आवडतं माणूस'. आलेल्या लेखांत आजी आहे, फुटबॉलपटू आहेत. पण स्पायडरमॅन, रॉक बँडमधले वादक आणि सिनेमातले चेहरेही भरपूर आहेत. मुलांनी अगदी जीव ओतून लिहिलंय, म्हणून शब्दांची जास्तच काळजी वाटते. 'मी स्पायडरमॅनचा कट्टर फॅन आहे', 'तो ड्रमर माझा क्रश आहे' अशी वाक्यं आहेत. एका सहकाऱ्यांनी सगळीकडे 'फॅन' खोडून 'रसिक' केलं. दुसऱ्या बाई म्हणतात 'भक्त' करा. मला दोन्ही खटकतं, पण का खटकतं ते मुलांना नीट सांगता आलं पाहिजे. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर (म्हापसा)
'रसिक' नकोच. रसिक असतो तो कलेचा. केसरबाई केरकरांची मैफल मन लावून ऐकणारा रसिक, आणि अवघड जागा कशी घेतली हे ओळखून दाद देणारा दर्दी. गाणं रंगलं नाही तर रसिक नाराज होतो, तो त्याचा हक्कच आहे. चाहत्याचा जीव माणसावर जडलेला असतो. एक कार्यक्रम पडला तरी पुढच्या कार्यक्रमाला तो पहिल्या रांगेत.

रॉक गायकाच्या वाट्याला दोघेही येतात. आमच्या शेजारच्या शिवोलीचे रेमो फर्नांडिस घ्या. त्यांची बासरी, त्यांचे शब्द यांवर तासभर बोलेल तो रसिक. त्यांची सही असलेला कागद पाकिटात जपून ठेवेल तो चाहता. एकाच माणसात दोघं नांदू शकतात. स्पायडरमॅनचा मात्र रसिक होता येत नाही. त्याच्या चित्रकथांचा होता येतं: १९६२ साली छापलेल्या त्या पहिल्या गोष्टीतली स्टीव्ह डिटको यांची रेघ ज्याला ओळखता येते, त्याला खुशाल रसिक म्हणा.

उत्तर (पणजी)
'भक्त' इतक्या लवकर बाद करू नये. 'फॅन' हा 'फॅनॅटिक'चा तुकडा असं बहुतेक कोशकार मानतात, आणि 'फॅनॅटिक'च्या मुळाशी लॅटिन 'फानुम' आहे, म्हणजे देऊळ. दैवी संचाराने भारलेला, आपल्या भाषेत 'अंगात आलेला', असा जुना अर्थ. शिवाय मराठीत 'भजनी लागणे' आहेच. मूळ धरून बघितलं तर भक्तच जवळचा.

उत्तर (काणकोण)
मूळ बरोबर आहे, पण शब्द मुळावर चालत नाही, वापरावर चालतो. आणि आपल्या गोव्यात तर 'भक्त' वापरायला मोठी अडचण आहे.

ली फॉक यांचा फँटम हा चित्रकथेचा नायक १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आला. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो इकडे पोचला आणि मराठीत त्याचा 'वेताळ' झाला. काय नेमकं नाव दिलंय! फँटम म्हणजे भूत. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, कारण बापामागून मुलगा तोच पोशाख चढवत आलाय. पिढ्यान्‌पिढ्या तो एकच 'चालतं भूत' वाटतो. आपला वेताळ भुतांचा अधिपती, गावाच्या शिवेचा राखणदार. लोलयेला त्याची उघड्यावरची भव्य दगडी मूर्ती आहे, आमोण्याला देऊळ आहे. रात्री तो गावाभोवती फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून काही ठिकाणी त्याला वहाणा वाहतात. काळोखात फिरून गाव राखणारा तोही आणि हाही.

आता सांगा, काणकोणातल्या मुलाने 'मी वेताळाचा भक्त आहे' असं लिहिलं तर वाचणारा काय समजेल? देवाला नवस बोलणारा, जत्रेला उभा राहणारा माणूस समजेल, आणि बरोबरच समजेल. तो शब्द तिथे आधीच कामाला लागलेला आहे. कॉमिक्सच्या अंकांसाठी जीव टाकणारा मुलगा वेताळाचा 'चाहता'. मी लहानपणी दोन्ही होतो, आणि घरात कुणाचा कधी गोंधळ झाला नाही.

उत्तर (डिचोली)
पणजीकरांचा 'अंगात येणे' हा मुद्दा मला सोडवत नाही, कारण आवेशाचा शब्द वेगळा हवाच. 'चाहता' जरा सौम्य पडतो. त्यासाठी 'वेड' आहे. नाटकवेडा, क्रिकेटवेडी म्हणतो तसं कॉमिक्सवेडा, रॉकवेडी बिनदिक्कत लिहा. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावचीच मंडळी मराठी नाटक उभं करतात; महिनाभर आधीपासून त्यांना ज्याने पाहिलंय त्याला 'नाटकवेडा' समजावून सांगावा लागत नाही. 'पिसं लागणे' तर फारच सुंदर. संतांनी ते देवाच्या ओढीसाठी वापरलं, आणि कोकणीत 'पिसो' रोज कानावर पडतो, त्यामुळे गोव्यातल्या मुलाला तो जुनाट वाटणार नाही.

कोकणीतला 'मोगी' म्हणजे प्रेमी, तोही विसरू नका: तियात्रमोगी (तियात्र म्हणजे कोकणी संगीत नाटक), कलामोगी. त्यात वेड आणि माया दोन्ही आहे. मराठीतला 'नाट्यप्रेमी' त्यापुढे फार औपचारिक, पत्रिकेवर छापल्यासारखा वाटतो.

उत्तर (मडगाव)
'क्रश'ला हात लावू नका. प्रेम, लोभ, आकर्षण, सगळे घालून बघितले. 'प्रेम' जड होतं, 'आकर्षण' जीवशास्त्राच्या पुस्तकातलं वाटतं. 'ती त्याच्यावर फिदा आहे' जवळ जातं, पण त्यात गवगवा आहे. क्रश बहुधा मनातल्या मनात असतो, एकतर्फी असतो, आणि समोरच्याकडून काही मिळावं अशी अपेक्षाही नसते. पडद्यावरच्या माणसाबद्दल सोळाव्या वर्षी जे वाटतं ते नेमकं हेच, आणि ते हलकं समजू नये.

शिवाय शब्द मराठीत रुळलाय याची खूण व्याकरणात दिसते. मुलं 'तो माझा क्रश', 'ती माझी क्रश' असं माणसाप्रमाणे लिंग बदलतात, आणि भावनेबद्दल बोलताना 'माझा तिच्यावर क्रश आहे' म्हणतात. हा भेद त्यांना कुणी शिकवला नाही.

प्रश्नकर्ती (फोंडा)
मनापासून आभार. स्पायडरमॅनच्या लेखात 'कट्टर चाहता' ठेवते. 'कट्टर' मुलाचाच शब्द आहे. एका मुलीने गिटारवादकाबद्दल लिहिलंय, त्याची प्रत्येक धून तिने ऐकून ऐकून स्वतः बसवली आहे. तिथे म्हापसेकरांचं ऐकून 'रसिक' राहू देते. क्रश जसाचा तसा.

एकच राहिलं. मुली स्वतःला 'चाहती' लिहितात, आणि एका सहकाऱ्यांनी ते 'चाहता' असं दुरुस्त केलंय, पदनाम असल्यासारखं. मी 'चाहती'च छापणार आहे, अनेकवचनी 'चाहत्या'. कुणाची हरकत असेल तर अंक छपाईला जाण्याआधी सांगा.