वाशिष्ठीतला गाळ काढा, पण डोह आणि काठ का पुसायचे?

वहाळकाठ:
२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढायला सुरुवात झाली. गाळ काढायला हवाच होता, त्यावर वाद नाही. पण पोकलेन पात्रात उतरला की गाळाबरोबर डोहही जातात, काठावरचे करंज, उंबर, जांभूळ उपटले जातात आणि मागे राहतं ते एकसारखं सपाट पात्र. मे महिन्यात त्यात वीतभर तापलेलं पाणी. मासा थांबणार कुठे?

आपल्याकडे मासे उन्हाळा डोहात, कोंडीत काढतात आणि मिरगाच्या पाण्याला तिथूनच चढणीला लागतात, पार भातखाचरांपर्यंत. अहिर हा सापासारखा लांब मासा जन्मतो भर समुद्रात, इवलासा असतानाच खाडीतून नदीत शिरतो आणि मोठा होईपर्यंत गोड्या पाण्यात राहतो. नदीतल्या कोळंबीची पिल्लं मचूळ पाण्यात वाढतात आणि मग वर येतात. दाभोळच्या खाडीपासून घाटातल्या पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) ही एकच वाट आहे. ती मध्येच मोडली तर वरचं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी रिकामंच राहणार. म्हणून माझी मागणी एवढीच: डोह, वळणं आणि निदान एका काठाची झाडं राखून गाळ काढा.

बाजारपेठ:
माझ्या दुकानात छताला पाणी लागलं होतं. २००५ चा पूर पाहिला, २०२१ चा त्याहून भयंकर. वर मुसळधार आणि खाली भरती एकाच वेळी आली की पाणी शहरात तुंबतं. तेव्हा पात्रात जेवढी जागा मोकळी, तेवढा वेळ माणसाच्या हातात. त्या रात्री लोक गच्चीवर, पत्र्यावर बसून होते. मासे महत्त्वाचे आहेत, पण आधी माणसं. झाडं आणि वळणं पाणी अडवत असतील तर ती काढायलाच हवीत.

जुना_अलोरेकर:
तुम्ही दोघं ज्या नदीबद्दल बोलताय, ती साठ वर्षांपूर्वीच बदलली. कोयना धरणाचं पाणी पोफळीच्या वीजघरात वीज करून कोळकेवाडी धरणात येतं आणि तिथे पुन्हा वीज करून वाशिष्ठीत सुटतं. वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा आहे. आसपासच्या नद्या शिमग्यानंतर आटत जातात, वाशिष्ठी ऐन वैशाखात वाहते. आणि वाहते तीही वीजघराच्या वेळेनुसार, कधी चढलेली तर कधी उतरलेली. उथळ कडेला घातलेली अंडी पाणी उतरलं की उघडी पडतात.

तेव्हा 'पूर्वीची नदी' म्हणजे नक्की कुठली? कोयनेच्या आधीची हवी असेल तर ती उन्हाळ्यात डोहांपुरतीच उरणारी होती. पुढचं पाहायचं तर कोयनेचं हे पाणी मुंबईला न्यायची चर्चा अधूनमधून निघते. ते खरंच नेलं तर उन्हाळ्यात खारं पाणी आत्तापेक्षा बरंच वर सरकेल. त्याचा अभ्यास आजच व्हायला हवा.

खाडीवाला:
अलोरेकर काका, मोलाचं बोललात. आमच्या खाडीत कारखान्यांचं सांडपाणी उतरतं आणि मेलेल्या माशांचा खच पडतो. वरचं गोडं पाणी घटलं तर ती घाण पातळ तरी कशाने होणार? बाजारपेठ शेठ, तुमचं दुःख कळतं. पण खणलेला गाळ काठावरच रचला तर पहिल्याच पुरात तो आमच्याकडे येतो. आमच्या होड्या ओहोटीला रुततात, कालवं (शिंपले) गाळाखाली गुदमरतात.

वहाळकाठ:
मुळात गाळ येतो कुठून? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं, डोंगर बहुतेक खाजगी मालकीचे. झाडं जरा वाढली की तोड होते, आणि उघड्या उतारावरची माती आषाढात पऱ्यांमधून खाली येते. ते तसंच चालू ठेवलं तर पोकलेन दर उन्हाळ्यात आणावा लागेल.

बाजारपेठ:
गाळ लांब नेऊन टाका, हे खाडीवाल्यांचं मान्य. उतारांचंही पटतं. पण डोंगराच्या मालकाला तोड थांबवल्याची भरपाई कोण देणार? आणि झाडं मोठी होईपर्यंतचे पावसाळे आम्ही कसे काढायचे? शिवनदीत तर वळण राखायला जागाच नाही, दोन्ही अंगांना इमारती आहेत. बहादूरशेख नाक्याच्या वर डोह राखा, माझी हरकत नाही. शहराच्या हद्दीत नको.

वहाळकाठ:
शिवनदीपुरतं मान्य, तिथे खोलीच हवी. वाशिष्ठीत मात्र नाही. चढणीच्या माशाला शहर ओलांडूनच वर जायचं असतं. शहराच्या हद्दीतही दोन-तीन डोह सोडा आणि दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत घालू नका. डोह म्हणजे मुळातच खोल पाणी, तो राखल्याने पुराची जागा कमी होत नाही.

बाजारपेठ:
डोहांपुरतं एक वेळ चालेल. भिंत मात्र बाजारपेठेच्या अंगाला हवीच, त्यावर मी मागे हटणार नाही.