खिरापतीचा डबा हलवला जाणार, हे धरूनच सजवा

कोजागिरीला भुलाबाईची गाणी म्हणायला येणाऱ्या पोरींसाठी ओव्हनशिवाय सजवलेलं गोड काय करता येईल, असं एका ताईंनी विचारलंय. बिस्किटांवर चॉकलेट ओतायचं काही सुचवू नका बाप्पा. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात ते दुपारीच पाघळते. शिवाय खिरापत, म्हणजे गाण्यांनंतरचा खाऊ, बंद डब्यात काय आहे ते ओळखताना पोरी डबा खळखळ वाजवतात, क्रीमचं काय होईल ते समजून घ्या!

त्यापेक्षा खोबऱ्याचे चंद्र करा. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस 2 वाट्या, दूध पावडर 1 वाटी, पिठीसाखर पाऊण वाटी. दूध चमचा-चमचा घालत घट्ट गोळा मळा. दूध जास्त झालं तर चंद्र सैल होऊन पसरतात. तूप लावलेल्या पोळपाटावर जाड थापून डब्बीच्या झाकणानं गोल कापा. चारोळीचे डोळे, गोडंबीचे (बिब्ब्याच्या आतल्या बीचे) कान, झाला चंद्रावरचा ससा. सजावट ओल्यातच दाबून बसवा, वाळल्यावर चिकटत नाही. आंबिया बहाराची, म्हणजे या दिवसांत निघणारी संत्री हाती लागली तर साल किसून घाला, फक्त वरची रंगीत. पांढरा भाग कडू लागतो. रंगीत गोळ्या लावायच्या तर अगदी वाढताना, नाहीतर रंग सुटतो.

कापायचं काम पोरींनाच द्या. पण मग खिरापत ओळखायला दुसरं काहीतरी लपवावं लागेल.