कराटेतून किकबॉक्सिंग: तेन्शिन नासुकावाला कसं जमलं?

गौरी_ठाणे: माझी लेक अकरा वर्षांची आहे. चार वर्षं फुल कॉन्टॅक्ट कराटे शिकतेय. आता किकबॉक्सिंग करायचं म्हणून हटून बसलीय. तिचे सर म्हणतात, कराटेवाल्यांचे हात खाली राहतात, तिकडे तोंडावर मार खाशील. पण जपानचा किकबॉक्सर तेन्शिन नासुकावा तर कराटेतूनच आला ना?

डावखुरा: गौरीताई, सरांचं म्हणणं खरं आहे. मी बारा वर्षं कराटे करून रिंगमध्ये उतरलो आणि पहिल्याच फेरीत नाक फुटलं. फुल कॉन्टॅक्टमध्ये उघड्या मुठीने लढतात, म्हणून तोंडावर ठोसा मारायला बंदी. लाथ मात्र डोक्यापर्यंत चालते. मग हनुवटी झाकायची सवयच लागत नाही.

तेन्शिनने पाचव्या वर्षी कराटे सुरू केलं, पण शाळकरी वयातच तो किकबॉक्सिंगकडे वळला. वडील हिरोयुकी हेच त्याचे प्रशिक्षक. जुलै 2014 मध्ये, पंधराव्या वर्षी, व्यावसायिक पदार्पण केलं आणि पहिली लढत मिनिटभराच्या आत संपवली! किकबॉक्सिंगमध्ये तो 42 लढती लढला, एकही हरला नाही.

19 जून 2022 ची, तोक्यो डोममधली जपानच्याच किकबॉक्सर ताकेरूविरुद्धची लढत लेकीला जरूर दाखवा. (ताकेरूही मूळचा कराटेवालाच.) मी ती कितीदा पाहिली असेल! तेन्शिन डावखुऱ्या पवित्र्यात लढतो, म्हणजे उजवा हात पुढे. त्याच हाताने तो ताकेरूला सारखा अडवत राहतो, जवळ येऊच देत नाही. पहिली फेरी संपत आलेली, ताकेरू झेपावतो, आणि त्याच क्षणी तेन्शिनचा डावा ठोसा बसतो. ताकेरू खाली! ते अंतराचं भान मला कराटेतलंच वाटतं. हात त्याने नंतर कमावले.

रिंगसाइड: थायलंडच्या रोडटांगला विसरू नका. जून 2018 मध्ये पाच फेऱ्या होऊनही निकाल लागला नाही, जादा फेरी घ्यावी लागली. माझ्या मते ती लढत रोडटांगची होती.

डावखुरा: त्या लढतीवर मीही भांडलोय. रोडटांग सतत पुढे येत होता, पण स्वच्छ फटके तेन्शिनचे जास्त होते. खरा धडा मला त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला मिळाला. अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरसमोर लाथा बंद, फक्त ठोसे, वजनातही मोठा फरक. पहिल्याच फेरीत तेन्शिन तीनदा पडला. पाय काढून घेतले की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. म्हणूनच 2023 मध्ये तो पूर्णवेळ बॉक्सिंगमध्ये गेला, तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं.

गौरी_ठाणे: मग कराटे सोडायचं का?

डावखुरा: मुळीच नाही! आठवड्यातून दोन दिवस बॉक्सिंगच्या तालमीला घाला. पहिले काही महिने नुसतं हनुवटी झाकून मागे-पुढे सरकणं, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चुकवणं. स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) हेडगार्ड आणि माउथगार्ड हवेतच, आणि जोडीदार तिच्या वजनाचा आहे ना, ते स्वतः उभं राहून बघा.