वेळ संपल्यावर अर्धवट टाइप केलेलं पुढच्या प्रश्नात घुसतंय, काय करावं?

धागाकर्ता:
मंडळी, लिनक्सवर सी भाषेत गुणाकाराची प्रश्नमंजूषा लिहितोय. प्रत्येक प्रश्नाला १० सेकंद. त्यासाठी सिलेक्ट() (ठरावीक वेळ इनपुटची वाट पाहणारं फंक्शन) वापरलंय, टाइप केलेलं उत्तर स्कॅनएफ()ने वाचून घेतो. कुणी १२ टाइप केलं, एंटर दाबायच्या आत वेळ संपली आणि पुढच्या प्रश्नाला ७ हे बरोबर उत्तर दिलं, तर प्रोग्रामच्या हाती १२७ पडतात! बरोबर उत्तर देणाऱ्याचा गुण जातो, हे मला फार खटकतंय. उरलेलं इनपुट टाकून द्यायला एफफ्लश(एसटीडीइन) करून पाहिलं, फरक शून्य.

प्रतिसाद १:
गेटचार()ने एकेक अक्षर घेत न्यूलाइन (एंटरची खूण) येईपर्यंत सगळं वाचून टाका. मी तेच करतो.

प्रतिसाद २:
वेळेचं बंधन नसेल तिथे चालेल, इथे नको. एंटर दाबलेलंच नसेल तर गेटचार() ते येईपर्यंत अडून बसेल आणि पुढचा प्रश्न दिसणारच नाही. इनपुटवर एफफ्लश() केलं तर काय व्हावं हे सीच्या मानकात ठरवलेलंच नाही, त्यामुळे तो नाद सोडा.

मुळात ते १२ तुमच्या प्रोग्रामपर्यंत पोचलेलेच नसतात. टर्मिनल नेहमीच्या कॅनॉनिकल मोडमध्ये (म्हणजे इनपुट ओळीओळीने देण्याच्या पद्धतीत) असताना एंटर येईपर्यंत ओळ कर्नलकडेच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडेच राहते. म्हणून टर्मिनलचं इनपुट रिकामं करणारं टीसीफ्लश(एसटीडीइन_फाइलनो, टीसीआयफ्लश) वापरा, त्यासाठी टर्मिऑस हे हेडर जोडा. न वाचलेलं सगळं तिथल्या तिथे टाकून दिलं जातं. ‘वेळ संपली’ दाखवून दोन सेकंद थांबत असाल, तर हा कॉल त्या थांब्यानंतर, नवा प्रश्न छापायच्या अगदी आधी करा. आधी केलात तर त्या दोन सेकंदांत दाबलेल्या कळा पुन्हा शिल्लक राहतील.

आणि स्कॅनएफ() काढाच. स्टडआयओचा (स्कॅनएफ() ज्यात येतं त्या सीच्या लायब्ररीचा) बफर, म्हणजे इनपुटचा तात्पुरता साठा, वेगळा असतो. त्यात उरलेलं ना टीसीफ्लश()ने जातं, ना सिलेक्ट()ला दिसतं. थेट रीड()ने ओळ घ्या, मग एसएसस्कॅनएफ()ने आकडा काढा.

प्रतिसाद ३:
विंडोजवर असाल तर _केबीहिट() (कळ दाबलेली शिल्लक आहे का ते सांगतं) खरं आहे तोवर _गेटच()ने एकेक कळ वाचत राहा, बफर रिकामा होतो.

धागाकर्ता:
रीड() आणि टीसीफ्लश()ने जमलं, मनापासून आभार! आता ७ म्हणजे ७च येतात. पण स्क्रीनवर जुने १२ तसेच दिसतात आणि शेवटच्या प्रश्नाला अर्धवट टाइप केलेलं प्रोग्राम संपल्यावर शेलच्या प्रॉम्प्टवर (टर्मिनलमध्ये पुढची आज्ञा टाइप करायच्या जागी) उमटतं.

प्रतिसाद २:
१२ स्क्रीनवर आधीच उमटलेत, फ्लशने ते पुसले जात नाहीत. नवा प्रश्न नव्या ओळीवर छापा. बाहेर पडण्यापूर्वीही एकदा टीसीफ्लश() करा, प्रॉम्प्ट स्वच्छ मिळेल.